शरणपूरचा धडा : ख्रिस्तमंडळीची वाढ आणि नव्या कराराची तत्त्वे

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी होती. एवढ्या लहान समाजात 'मंडळीची वाढ' म्हटले की शिरगणती आठवावी, हे स्वाभाविक आहे. नव्या करारातील 'एक्लेसिया' या ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र बोलावून एकत्र आणलेली सभा असा आहे. इमारत किंवा संस्था हा अर्थ पुढच्या काळात चिकटला. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात एका दिवसात सुमारे तीन हजार माणसे मंडळीत आल्याची नोंद आहे, पण लेखक त्या आकड्यापाशी रेंगाळत नाही. प्रेषितांचे शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना असा त्या माणसांचा जीवनक्रम तो सांगतो आणि मंडळीत भर घालणारा प्रभूच होता, असे म्हणून अध्याय संपवतो. वाढ देणे देवाकडे आणि ती पेलेल असे जीवन घडवणे माणसांकडे, ही ती विभागणी आहे. नाशिकच्या सुमारे १९० वर्षांच्या ख्रिस्ती इतिहासात ही विभागणी कुठे पाळली गेली आणि कुठे विसरली गेली, हे पाहिले की मंडळीच्या वाढीचा प्रश्न बराच स्पष्ट होतो.

आश्रय आणि त्याची मर्यादा

इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने १८३२ मध्ये नाशिकला काम सुरू केले. त्या काळी बाप्तिस्मा घेणाऱ्याला घर, विहीर, जात आणि पोटापाण्याचा धंदा हे सारे एकदमच गमवावे लागे. त्यावर उपाय म्हणून पुढे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी गावाबाहेर वसाहत उभारली आणि शरण आलेल्यांचे गाव म्हणून तिला 'शरणपूर' हे नाव मिळाले. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलेही तिथे आणली गेली आणि अक्षरांबरोबर हातचे कसब शिकून मोठी झाली.

या मुलांपैकी जेकब वेनराइट याची कथा अवश्य सांगण्याजोगी आहे. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांच्या तुकडीत असलेल्या जेकबसह सोबत्यांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले. त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती जेकबने, आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली तीही त्यानेच. वाळवलेला देह खांद्यावर घेऊन ही माणसे कित्येक महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आली आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबीतील दफनाच्या वेळी जेकब तिथे हजर होता. पुढे मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रीरटाउन ही वसाहत उभी राहिली, तेव्हा नाशिकला वाढलेले अनेक जण तिथे शिक्षक आणि कारागीर म्हणून गेले. ज्यांना आश्रय मिळाला होता, ते दुसऱ्यांचा आश्रय झाले. शरणपूरची खरी वाढ ती हीच.

या व्यवस्थेला दुसरी बाजूही होती. घर मिशनचे, नोकरी मिशनची आणि पाळकाचा पगारही मिशनचा अशी घडी बसली, की मंडळी कुंपणाच्या आत सुरक्षित राहते, पण शेजाऱ्याला परकी होते. हा धोका चर्च मिशनरी सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन आणि अमेरिकन मिशन बोर्डाचे रूफस अँडरसन यांनी त्याच काळात ओळखला होता. मंडळीने आपला कारभार आपण चालवावा, खर्च आपण भागवावा आणि सुवार्ता आपणच सांगावी, ही त्यांची मांडणी 'स्वशासन, स्वावलंबन, स्वप्रसार' या त्रिसूत्रीने ओळखली जाते. रोलंड ॲलन यांनी १९१२ मध्ये हाच विचार पुढे नेला. प्रेषित पौल एखाद्या गावी थोडा काळ राही, स्थानिक वडील, म्हणजे मंडळीचे जबाबदार पंच, नेमी आणि त्यांच्यावर विश्वास टाकून पुढे जाई. आधुनिक मिशनने मात्र पिढ्यान्‌पिढ्या हात सोडला नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

माजघरातली भाषा

पेन्टेकॉस्टच्या दिवशी जमलेल्या प्रत्येकाला संदेश आपापल्या भाषेत ऐकू आला, असे 'कृत्यां'त म्हटले आहे. मराठी मंडळीत हे तत्त्व ज्यांच्यामुळे रुजले, त्यांत कवी नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांचे स्थान फार वरचे आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाचा कौल मिळाल्यावर. इंग्रजी चालींवर बसवलेल्या गीतांच्या जागी टिळकांनी अभंग, ओवी आणि भजन आणले, आणि टाळ-मृदंगासह गायिलेली उपासना शेजाऱ्यांच्याही कानाला ओळखीची वाटू लागली. १९१७ मध्ये तर मिशनचे वेतन सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा भक्तसंघ स्थापला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली. टिळकांनी सुरू केलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी नाशिकच्या वास्तव्यात पुढे नेले आणि १९३६ मध्ये नाशिकलाच त्यांचा अंत झाला.

पंगतीचा प्रश्न

'कृत्यां'च्या सहाव्या अध्यायात मंडळी वाढत असतानाच तक्रार उठते, की रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी ती झटकून टाकली नाही. लोकांकडून सात विश्वासू माणसे निवडून घेतली आणि वाटपाचे काम त्यांच्यावर सोपवले. निवडलेल्या साऱ्यांची नावे ग्रीक वळणाची आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती व्यवहार आला असावा. त्यानंतरच शिष्यांची संख्या फार वाढल्याचा उल्लेख येतो.

नाशिक जिल्ह्यात बरोबरीच्या वागणुकीचा हा प्रश्न टाळता येत नाही. अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी नाशिकात सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ती याच जिल्ह्यातील येवल्याला. समतेची ही भूक जिल्हाभर पेटलेली असताना ख्रिस्तमंडळीच्या आतही पूर्वीच्या जातींच्या रेषा लग्नसंबंधांत आणि पुढारीपणात टिकून होत्या. 'चर्च ग्रोथ' विचाराचे प्रवर्तक डोनल्ड मॅकगॅव्हरन यांचे प्रतिपादन असे होते, की सामाजिक भिंती ओलांडाव्या न लागता लोक लवकर विश्वास धरतात. निरीक्षण म्हणून ते खरे असेल, पण इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात मधली आडभिंत ख्रिस्ताने पाडली असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा भिंतीसह झालेली वाढ मंडळीने अपुरी मानावी, हेच वचनाला धरून आहे.

देणारा हात

स्वावलंबनाचे सर्वांत जिवंत चित्र ग्रामीण मंडळीतील कापणीच्या सणात दिसते. कोणी बाजरीची पाटी आणतो, कोणी कांद्याची गोणी, कोणी पाय बांधलेली कोंबडी. उपासनेनंतर या वस्तूंचा लिलाव होतो, आणि बोली लावणारा वस्तूच्या भावाकडे न पाहता मंडळीच्या गरजेकडे पाहतो. मासेदोनियाच्या मंडळ्यांनी दारिद्र्यातही ऐपतीबाहेर दिले, असे पौलाने करिंथकरांना लिहिले, ते अशा अंगणात सहज समजते. बाहेरून येणाऱ्या पैशाचा हिशेब मोजक्या लोकांत राहतो. आपल्या पाटीतल्या बाजरीचा हिशेब मात्र सारी मंडळी विचारते, आणि मालमत्तेचे वाद कोर्टापर्यंत नेणाऱ्या मंडळ्यांनी यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आज शरणपूर शहराच्या मध्यात आले आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे परगावची कुटुंबे नाशकात येऊन स्थिरावली आहेत. त्यांना मंडळीकडून हवे आहे ते आजारपणात दार वाजवणारे माणूस, मुलांना वचन समजावून देणारा शिक्षक आणि ज्या पंगतीत कुळ विचारले जात नाही अशी पंगत. पाळकाने सारे काही स्वतः न करता पवित्र जनांना सेवेसाठी सिद्ध करावे, हे इफिसकरांस पत्राचे सूत्र इथेच कसाला लागते, कारण एवढी दारे एकट्या पाळकाला वाजवता येणार नाहीत.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात फळ देणाऱ्या फांद्यांची छाटणी होते असे वचन आहे, आणि ते नाशिककरांना निराळे समजावून सांगावे लागत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीत द्राक्षबाग उघडीबोडकी दिसते, पण पुढच्या हंगामाचा माल धरणाऱ्या काड्या त्यानंतरच तयार होतात. दिवाळीच्या सुमारास गोडी छाटणी झाली, की त्याच काड्यांवर घड येतात. परक्या पैशाचा आधार, जातीची ऊब आणि कुंपणाची सवय यांवर कात्री चालवणे मंडळीला जड जाईल, तरीही ते काम तिचेच आहे. त्यानंतर घड किती लागतील, हे मळेकऱ्याने ठरवावे.