उजनीचं पाणी, दोन कंटेनर आणि तुमचा लॅपटॉप: मेटाबेस लोकल कसं चालवायचं?

संशोधनाची तयारी करताना डेटा गोळा कसा करायचा यावर खूप बोललं जातं. तो पाहायचा कुठे, यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही. एक्सेलच्या दहा फाइली झाल्या की कोणता आलेख कुठल्या आकड्यांवरून काढला हेच कळेनासं होतं. अशा वेळी मेटाबेससारखं वेब ॲप्लिकेशन कामाला येतं. डेटाबेस जोडा, ब्राउझरमध्ये प्रश्न विचारा, उत्तर तक्ता किंवा आलेख बनून समोर येतं. ते मुक्तस्रोत आहे आणि आपल्याच लॅपटॉपवर फुकट चालवता येतं.

लोकलच का?

समजा, तुम्ही सोलापुरात विडी कामगार महिलांची मुलाखत घेतली. उत्पन्न, आजारपण, कर्ज असं सगळं त्यांनी सांगितलं, कारण "ही माहिती माझ्याकडेच राहील" असं तुम्ही म्हणालात. तीच फाइल उद्या कुठल्यातरी ऑनलाइन सेवेवर चढवली, तर दिलेला शब्द मोडला. लोकल चालवलं की डेटा लॅपटॉपच्या बाहेर जायची गरजच उरत नाही.

कंटेनर म्हणजे नेमकं काय?

सोलापूरकरांना हे लवकर कळेल. सोलापुरी चादर जकार्डवर विणली जाते. कुठे कोणता धागा उचलायचा हे भोकं पाडलेल्या कार्डांच्या माळेत ठरलेलं असतं. तीच माळ तशाच दुसऱ्या मागावर चढवली तर नक्षी तीच उतरते. डॉकरमधली 'इमेज' म्हणजे ही कार्डांची माळ. त्यात ॲप्लिकेशन आणि त्याला लागणारं सगळं सामान एका ठरावीक आवृत्तीत बांधलेलं असतं. 'कंटेनर' म्हणजे त्या माळेवर प्रत्यक्ष सुरू असलेलं विणकाम. म्हणूनच एका इमेजवरून हवे तितके कंटेनर काढता येतात. डॉकर २०१३ मध्ये आलं, जकार्डचा माग १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये. कल्पनेचं नातं मात्र जवळचं आहे.

मांडणी

विंडोजवर आधी डब्ल्यूएसएल २ सुरू करून डॉकर डेस्कटॉप टाका. आपल्याला दोन कंटेनर हवेत: एक पोस्टग्रेस, दुसरा मेटाबेस. दोघांची माहिती कंपोज फाइलमध्ये लिहायची आणि त्याच फोल्डरमधून 'डॉकर कंपोज अप' ही आज्ञा द्यायची. ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचं ३००० क्रमांकाचं पोर्ट उघडलं की मेटाबेस दिसतं. पहिल्यांदा दोन-चार मिनिटं लागली तर घाबरू नका.

फाइल लिहिताना चार गोष्टी नीट पाहा:

१. आवृत्ती. इमेजच्या नावापुढे 'लेटेस्ट' लिहू नका. आजचं लेटेस्ट सहा महिन्यांनी वेगळं असतं. नेमका आवृत्ती क्रमांक लिहा. प्रबंधातही तोच द्यायचा.

२. व्हॉल्यूम. काहीच सांगितलं नाही, तर मेटाबेस तुमचे आलेख आणि प्रश्न कंटेनरच्या आतल्या एका फाइलमध्ये ठेवतं. कंटेनर नुसता थांबवला तर ते राहतात. काढून टाकला तर जातात. म्हणून पोस्टग्रेसमध्ये दोन डेटाबेस करा, एक मेटाबेसच्या स्वतःच्या नोंदींसाठी आणि दुसरा तुमच्या डेटासाठी. मग पोस्टग्रेसला व्हॉल्यूम जोडा. 'डाऊन' म्हटल्यावर हा व्हॉल्यूम टिकतो, पण त्यापुढे 'व्ही' पर्याय लावला की तोही पुसला जातो.

३. पोर्ट. नुसतं '३०००:३०००' लिहिलं तर डॉकर ते पोर्ट सगळ्या नेटवर्कसाठी उघडतं. म्हणजे हॉस्टेलच्या वायफायवरचा कोणीही लॉगिन पानापर्यंत पोहोचू शकतो. '१२७.०.०.१:३०००:३०००' असं लिहा. पोस्टग्रेसचं पोर्ट तर बाहेर काढायची गरजच नाही.

४. पत्ता. मेटाबेसला डेटाबेस जोडताना 'लोकलहोस्ट' लिहिलं की जोडणी फसते, कारण कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. तिथे कंपोज फाइलमध्ये पोस्टग्रेस सेवेला दिलेलं नाव लिहायचं.

आता खरा डेटा

सराव मुलाखतींवर करू नका, सार्वजनिक आकड्यांवर करा. उजनी धरणाचा रोजचा साठा घ्या. तारीख, एकूण साठा आणि टक्केवारी असे तीन रकाने पुरेत.

आलेख काढलात की टक्केवारी शून्याच्या खाली गेलेली दिसेल. एखादा बाहेरचा विद्यार्थी म्हणेल, टक्केवारी उणे कशी असेल, या ओळी चुकीच्या आहेत, काढून टाका. पण "उजनी मायनसमध्ये गेलं" हे आपण दर उन्हाळ्यात ऐकतो. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, उरलेला ५४ उपयुक्त. टक्केवारी काढतात ती या ५४ वर. समजा धरणात एकूण ३६ टीएमसी पाणी आहे. ३६ वजा ६३ म्हणजे उणे २७, आणि त्याला ५४ ने भागलं की उणे ५० टक्के. आकडा बरोबरच आहे. '० ते १०० सोडून बाकी काढा' असा फिल्टर लावला असता, तर दुष्काळाचेच दिवस अभ्यासातून गळाले असते.

साधन कितीही चांगलं असलं तरी ही जाण त्यात नसते. कंटेनर एवढंच करतो की तुमचं काम दुसऱ्याला जसंच्या तसं पुन्हा करून पाहता येतं, आणि चूक असेल तर सापडते.

म्हणून एक चाचणी कराच. कंपोज फाइल आणि सार्वजनिक डेटाची सीएसव्ही, सोबत ती डेटाबेसमध्ये भरायच्या पायऱ्या आणि आलेखामागची क्वेरी, एवढं एका मित्राला द्या. फोनवर काही न सांगता त्याच्या लॅपटॉपवर तोच आलेख आला, तर तुमची मांडणी पक्की. नाही आला, तर तो कुठे अडला ते लिहून घ्या. तुमच्या सूचनांमध्ये नेमकी तीच ओळ राहिलेली असते.