फौज कंपनीची, पगार मोगलाईचा

वऱ्हाड इंग्रजांनी लढून घेतले नाही, थकबाकीपोटी ठेवून घेतले. २१ मे १८५३ रोजी हैदराबादेत झालेल्या तहाने निजाम नासिरुद्दौलाला वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्ग आणि रायचूर दुआब ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारात द्यावे लागले. निजामाकडे कंपनीचे पंचेचाळीस लाखांच्या आसपास देणे निघते, असे कारण सांगण्यात आले. हे देणे ज्या फौजेच्या पगाराचे होते, ती नावाला निजामाची होती; तिचे अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रज रेसिडेंटचा आणि हिशोबाची वहीही त्याच्याच कचेरीत. खर्च कुणी करायचा, किती करायचा आणि तो कुणाच्या खाती मांडायचा, हे तिन्ही निर्णय सावकाराच्याच हाती असले की कर्ज फिटणे कठीण असते. हैदराबाद संस्थानाचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास बऱ्याच अंशी या एका गोष्टीचा विस्तार आहे.

सोयगाव हा आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला तालुका त्या काळी या संस्थानाच्या उत्तर टोकाला होता. अजिंठ्याच्या रांगेमुळे जिल्ह्याचा मोठा भाग गोदावरीकडे उतरतो. सोयगाव मात्र डोंगराच्या उत्तर पायथ्याशी, पाणी तापीकडे आणि बाजारहाट खानदेशाकडे. सोयगावामागचा वेताळवाडीचा किल्ला आणि त्याच्या कडेने वर चढणारा घाट पाहिला की हा मुलूख दोन प्रदेशांच्या उंबऱ्यावर आहे हे समजावून सांगावे लागत नाही. १८१८ नंतर उत्तरेचा खानदेश थेट इंग्रजी अमलात गेला. १८५३ नंतर पूर्वेला थोड्याच अंतरावरचे वऱ्हाडही इंग्रज अधिकारी पाहू लागले. सोयगाव मोगलाईतच, म्हणजे निजामाच्या राज्यातच, राहिले, आणि त्यामुळे त्या तहाची किंमत बाहेरून व आतून अशी दोन्हीकडून दिसणाऱ्या गावांपैकी ते एक ठरले.

कर्जाच्या या व्यवहाराची सुरुवात १७९८ च्या तैनाती फौजेच्या तहाने झाली. १८०० मध्ये नवा तह झाला आणि तैनाती फौजेच्या खर्चापोटी निजामाने बल्लारी, अनंतपूर, कडप्पा हा दक्षिणेचा मुलूख कंपनीला कायमचा तोडून दिला. म्हणजे त्या फौजेचे पैसे एकदाच, जमिनीच्या रूपाने, चुकते झाले होते. त्याच तहात आणखी एक कलम होते: युद्धाचा प्रसंग आला तर निजामाने आपले सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ कंपनीच्या मदतीला द्यावे. तो प्रसंग लवकरच आला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला. त्याच्या जखमी शिपायांसाठी रुग्णालय अजिंठ्याला उघडावे लागले. लढाईनंतरच्या तहांत वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड भोसल्यांकडून सुटून निजामाकडे आले. कंपनीच्या तलवारीने मिळालेला हा मुलूख पन्नास वर्षांनी कंपनीच्याच बिलाने परत गेला.

निजामाची पथके युद्धात कामाची नाहीत, अशी तक्रार इंग्रज अधिकारी करू लागले. १८११ ते १८२० या काळात रेसिडेंट असलेल्या हेन्री रसेलने त्यांच्या जागी इंग्रजी शिस्तीची पलटणे उभारली. यातून पुढे 'हैदराबाद कंटिंजंट' तयार झाली. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर, बोलारम येथे तिच्या छावण्या पडल्या. युद्धकाळासाठी लिहिलेल्या कलमाच्या आधाराने शांततेतही बारमाही फौज पोसली जाऊ लागली आणि तिचा वार्षिक खर्च चाळीस लाखांच्या घरात गेला. तहानुसार शांततेच्या काळात ही फौज बाळगण्याचे बंधन निजामावर नव्हते, ही गोष्ट पुढे खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने मान्य केली. मान्य करून त्याने वऱ्हाड घेतले, हे सोबतच नोंदवले पाहिजे.

चाळीस लाख रोकड दरवर्षी आणायची कुठून? दरबाराचा कारभार त्या वेळी पेशकार चंदूलाल यांच्याकडे होता. रेसिडेन्सीला खूश ठेवणे हे त्यांच्या सत्तेचे मूळ होते, म्हणून फौजेचा पगार चुकता कामा नये. आणि खजिन्यात तर पैसा नाही. ही पोकळी विल्यम पामरच्या पेढीने भरून काढली. पामर हा कंपनीच्या एका सेनानीचा आणि मुसलमान बेगमेचा मुलगा. ब्रिटिश प्रजाजनाने सरकारच्या परवानगीशिवाय देशी संस्थानिकाला कर्ज देऊ नये, असा पार्लमेंटचा कायदा होता. १८१६ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने या पेढीला त्यातून सूट दिली. पेढीचा भागीदार सर विल्यम रम्बोल्ड याची बायको हेस्टिंग्जच्या पालकत्वाखाली वाढलेली होती, तेव्हा ही मेहेरबानी कशातून आली याचा अंदाज बांधायला फार डोके चालवावे लागत नाही. व्याज शेकडा अठरा आणि त्याहूनही वर चढत गेले.

या पेढीच्या धंद्यातला एक व्यवहार सरळ औरंगाबादेचा होता. इथल्या आणि वऱ्हाडातल्या पलटणींचा पगार पेढीने महिन्याच्या महिन्याला भागवायचा आणि त्याबदल्यात दरबाराने जिल्ह्यांच्या महसुलावर तनखे लिहून द्यायचे, असा तो करार. शेतकऱ्याने भरलेला सारा गावातून निघून पेढीच्या खात्यात, तिथून छावणीत आणि छावणीतून अधिकाऱ्यांच्या खिशात जात होता. हैदराबादच्या तिजोरीला त्याचा वाससुद्धा लागत नव्हता.

१८२० मध्ये चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला. त्या साली मंजूर झालेल्या साठ लाखांच्या नव्या कर्जाची त्याने छाननी केली. त्यातले आठ लाख हे पेढीला दिलेले बक्षीस होते आणि उरलेल्यातला मोठा भाग जुन्याच देण्याची नव्या नावाने केलेली मांडणी, असे त्यात निघाले. प्रकरण लंडनपर्यंत गाजले. शेवटी कंपनीने पेढीचे देणे भागवले, पण कसे? उत्तर सरकार प्रांतासाठी कंपनी निजामाला दरवर्षी सात लाख रुपये पेशकश देत असे. ती कायमची बंद करून तिची एकरकमी किंमत, एक कोटी सोळा लाखांवर, निजामाच्या हिशोबात धरली गेली. कंपनीचे एक वार्षिक देणे मिटले, पामरला पैसे मिळाले आणि निजामाचे एक बारमाही उत्पन्न गेले. पेढी १८२४ मध्ये बुडाली ती बुडालीच.

पामरची जागा विकाजी आणि पेस्तनजी या पारशी सावकारांनी घेतली. १८२५-२६ मध्ये वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट मुंबईला पाठवणारे पहिले व्यापारी तेच. पाचशे बैलांचे ते ओझे पंचवीस हजार रुपयांचे होते. पुढे त्यांनी खामगावला कापूस दाबण्याचे यंत्र बसवले, दरबाराला कर्जे दिली, त्यापोटी वऱ्हाड आणि औरंगाबादकडचे महाल ताब्यात घेतले, औरंगाबादच्या टांकसाळीतून 'पेस्तनशाही' रुपयेही पाडले. १८४५ च्या सुमारास दरबाराने त्यांचे महाल जप्त केले आणि ही पेढी धुळीला मिळाली. त्यांनी इंग्रज सरकारकडे, पार्लमेंटकडे दाद मागितली. हा निजामाचा घरचा प्रश्न आहे, असे उत्तर मिळाले. आठ वर्षांनी कंपनीला आपली थकबाकी वसूल करायची होती, तेव्हा तोच दरबार कसा वागतो हे घरचे प्रकरण राहिले नाही.

१८५३ चा तह रेसिडेंट जॉन लो याने करवून घेतला. लष्करी कारवाईचा इशारा आडून दिला गेला होता. निजामाने ज्या देण्यासाठी सही केली त्याच्या समोरच्या बाजूला एक रक्कम मांडलीच गेली नव्हती. सिकंदराबाद आणि जालना येथील छावण्यांतल्या दारूच्या अबकारीचे उत्पन्न १८१२ पासून कंपनी घेत होती. ते वर्षाला सुमारे लाखभर, म्हणजे एक्केचाळीस वर्षांचे एक्केचाळीस लाख भरत होते. हा हिशोब वळता केला असता तर देणे जवळजवळ उरलेच नसते. १८६० मध्ये तेव्हाचा रेसिडेंट कथबर्ट डेव्हिडसन याने हे लिहून कबूल केले. त्या वर्षीच्या तहाने पन्नास लाखांचे देणे माफ झाले, धाराशिव आणि रायचूर परत आले. वऱ्हाड मात्र 'विश्वस्त' म्हणून इंग्रजांकडेच राहिले. कर्ज नाही, तरी गहाण कायम. कारणही फार लपवलेले नव्हते: हिंदुस्थानातला उत्तमातला उत्तम कापूस तिथे पिकत होता, आणि अमेरिकेतले यादवी युद्ध सुरू होताच मँचेस्टरच्या गिरण्यांना तो हवाच होता.

१८५३ च्या तहानंतर काही दिवसांतच, वयाच्या चोविसाव्या वर्षी, सालारजंग दिवाण झाले. अजिंठा गाव पुढे याच घराण्याच्या जहागिरीत होते. त्यांच्या आधी महसूल बोलीवर दिला जाई: जो इजारदार जास्त बोली लावेल त्याला तालुका, मग तो रयतेकडून कितीही ओरबाडो. ही इजारा पद्धत मोडून सालारजंगांनी १८६५ च्या जिल्हाबंदीने पगारी तालुकदार नेमले. यात रयतेवरची दया कमी आणि रोकड वेळेवर जमा होण्याची गरज जास्त असावी. तरी गावांना उसंत मिळाली हे खरे. वऱ्हाड सोडवण्यासाठी मात्र ते मरेपर्यंत, १८८३ पर्यंत, झगडले. त्यासाठी १८७६ मध्ये विलायतेलाही गेले. हात हलवत परतले.

सोयगावच्या शेतकऱ्याला हे राजकारण बाजाराच्या दिवशी कळे. कापसाची गाडी शेंदुर्णी किंवा पाचोऱ्याकडे न्यायची म्हणजे सरहद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. पलीकडे मिळणारे पैसे 'कलदार', इंग्रजी. अलीकडे सारा भरायचा तो 'हाली' सिक्क्यात. शंभर कलदारचे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे साठ कलदारचे सत्तर. सरकारी दर असा असला तरी मोडीच्या दुकानात बट्टा वेगळा, आणि तो कधीच शेतकऱ्याच्या बाजूचा नसे. पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची गाडी शेंदुर्णीवरून धावू लागल्यावर कापसाची वाट आणखी पक्की झाली: मोगलाईतले पीक, इंग्रजी स्टेशन, मुंबईचा धक्का. संस्थानाचे सार्वभौमत्व करोडगिरीच्या नाक्यावर पूर्ण शाबूत दिसे. आतल्या महसुलाचे आणि बाहेरच्या भावाचे निर्णय दुसरीकडेच होत.

असे इथेच झाले असेही नाही. इजिप्तच्या खेदिवाने कालव्यासाठी आणि राजवाड्यांसाठी युरोपातून कर्जे काढली. १८७६ मध्ये घेणेकऱ्यांचे आयोग कैरोत बसले आणि १८८२ मध्ये इंग्रज फौज उतरली. तिथे निदान पैसे खरोखर उसने घेतलेले होते. हैदराबादचे कर्ज बरेचसे सावकाराने स्वतःच केलेल्या खर्चाचे होते.

१९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने हैदराबादला येऊन निजाम महबूब अली खान यांना एकांतात गाठले. त्यातून झालेल्या करारात वर्षाला पंचवीस लाखांच्या खंडाने वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने मिळाले. ज्या कंटिंजंटसाठी हा सगळा खटाटोप झाला होता, ती फौज त्यानंतर हिंदी लष्करात विरून गेली. वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. पुढे १९३६ मध्ये महबूब अली खान यांच्यानंतरच्या निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. किताबाबरोबर एक एकरही आला नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान संपले. त्या धामधुमीत हैदराबाद सरकारच्या नावावरचे दहा लाख पौंड लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतून पाकिस्तानच्या तिथल्या उच्चायुक्ताच्या खात्यात वळवले गेले. निजामाने परत मागितले, पाकिस्तानने हक्क सांगितला, बँकेने पैसे अडकवून ठेवले. हाली सिक्का १९५९ मध्ये चलनातून गेला. सोयगाव आणि वऱ्हाड १९५६ मध्ये एका राज्यात आले. बँकेतली रक्कम व्याजासह साडेतीन कोटी पौंडांवर गेली, तरी वाद चालूच होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने पाकिस्तानचा दावा फेटाळला आणि ती भारत सरकार व निजामाच्या दोन नातवांच्या बाजूने दिली.