महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल : एक उपेक्षित नेतृत्व

डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटना समितीवर प्रथम निवडून गेले ते मुंबई प्रांतातून नव्हे, तर बंगालमधून, ही गोष्ट आपल्या समाजात बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु ही निवड ज्यांनी घडवून आणली त्या जोगेंद्रनाथ मंडल यांच्याविषयी आपली माहिती एखाद्या वाक्यापलीकडे सहसा जात नाही. भारताच्या इतिहासलेखनाने त्यांना मुस्लिम लीगचा हस्तक ठरवून बाजूला सारले, तर पाकिस्तानच्या इतिहासाने पद सोडून गेलेला मंत्री म्हणून त्यांचे नाव पुसट केले. दोन राष्ट्रांच्या उभारणीच्या प्रारंभी उपस्थित असलेला हा नेता दोन्हीकडे उपेक्षित राहिला. त्यांच्या कार्याचा आणि निर्णयांचा वस्तुनिष्ठ परिचय करून देणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नमःशूद्रांची चळवळ

जोगेंद्रनाथांचा जन्म २९ जानेवारी १९०४ रोजी पूर्व बंगालमधील बाकरगंज (बारिसाल) जिल्ह्यात एका नमःशूद्र कुटुंबात झाला. नदीनाल्यांच्या या दलदलीच्या प्रदेशात भातशेती व मासेमारी करून जगणाऱ्या या समाजाला सवर्ण लोक ‘चांडाळ’ म्हणत. त्याविरुद्ध या समाजाने दीर्घकाळ लढा दिला. १८७२-७३ मध्ये फरीदपूर-बाकरगंज भागात त्यांनी सवर्णांच्या कामांवर बहिष्कार टाकला होता. हरिचांद ठाकूर आणि त्यांचे पुत्र गुरुचांद ठाकूर यांच्या मतुआ पंथाने स्वाभिमान व शिक्षण यांची शिकवण दिली. १९११ च्या जनगणनेत ‘चांडाळ’ हे नाव जाऊन ‘नमःशूद्र’ या नावाची नोंद झाली. जोगेंद्रनाथांचे नेतृत्व अशा जागृत भूमीतून उभे राहिले.

कायद्याचे शिक्षण घेऊन ते राजकारणात उतरले. १९३७ च्या निवडणुकीत बंगाल विधानसभेच्या २५० जागांपैकी ३० जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. जोगेंद्रनाथ मात्र सर्वसाधारण जागेवर अपक्ष म्हणून उभे राहिले आणि काँग्रेसच्या सवर्ण उमेदवाराचा पराभव करून निवडून आले. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी फेडरेशनची बंगाल शाखा उभी केली आणि बाबासाहेबांना आपले नेते मानले.

लीगशी सहकार्य का?

१९४३ मध्ये ते नझीमुद्दीन यांच्या मंत्रिमंडळात सामील झाले. या सहकार्यामागची कारणे त्यांनी पुढे स्वतःच लेखी नमूद केली आहेत. पूर्व बंगालमधील मुसलमान बहुसंख्येने शेतकरी व मजूर होते, अनुसूचित जातीही तशाच होत्या. दोघेही शिक्षणात मागासलेले होते, आणि दोघांवरही जमीनदार व सावकार यांचा बोजा होता. हे जमीनदार-सावकार बहुतांशी सवर्ण हिंदू असत. तेव्हा समान आर्थिक हितसंबंधांच्या पायावर दोन पीडित वर्गांनी एकत्र यावे, असा त्यांचा विचार होता. पाठिंब्याच्या मोबदल्यात त्यांनी अनुसूचित जातींचे तीन मंत्री, शिक्षणासाठी दरवर्षी पाच लाख रुपये आणि सरकारी नोकऱ्यांत ठरलेल्या प्रमाणात वाटा, अशा मागण्या ठेवल्या होत्या. या मागण्यांवरून त्यांच्या राजकारणाचे उद्दिष्ट स्पष्ट होते.

१९४६ ची निवड

१९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत फेडरेशनची दारुण पीछेहाट झाली. संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानात पक्षाचे केवळ दोन उमेदवार विजयी झाले. त्यांपैकी बंगालमधील एकमेव विजयी उमेदवार म्हणजे जोगेंद्रनाथ मंडल होत. घटना समितीचे सदस्य जनतेने थेट निवडून द्यावयाचे नव्हते. प्रांतिक विधानसभांच्या सदस्यांनी, एकल संक्रमणीय मताच्या प्रमाणशीर पद्धतीने, ही निवड करावयाची होती. मुंबई विधानसभेत फेडरेशनचा एकही सदस्य नव्हता. त्यामुळे बाबासाहेबांना स्वतःच्या प्रांतातून दार बंद झाले होते.

बंगालच्या वाट्याला घटना समितीच्या ६० जागा होत्या. त्यांपैकी २७ सर्वसाधारण व ३३ मुस्लिम जागा होत्या. एका मताच्या बळावर कोणी निवडून येणे शक्य नव्हते. जोगेंद्रनाथांनी अनुसूचित जातींच्या इतर सदस्यांशी संपर्क साधला, त्यांची मने वळविली आणि पक्षाबाहेरची मते मिळविली. सर्वसाधारण २७ जागांपैकी २५ काँग्रेसकडे गेल्या, एक कम्युनिस्ट पक्षाला मिळाली आणि उरलेल्या एका जागेवर जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब निवडून आले.

यावर कोणी असे म्हणेल की, जुलै १९४७ मध्ये बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडून आलेच, तेव्हा बंगालच्या जागेचे महत्त्व ते काय? हे म्हणणे टिकणारे नाही. बंगालच्या जागेमुळेच १७ डिसेंबर १९४६ रोजी उद्दिष्टांच्या ठरावावर त्यांचे भाषण होऊ शकले, आणि त्याच जागेमुळे ते मूलभूत हक्क व अल्पसंख्याक या उपसमित्यांवर काम करू शकले. फाळणीमुळे ही जागा गेली, तेव्हा ३० जून १९४७ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून बाबासाहेबांना निवडून देण्यास सांगितले. त्यात त्यांनी समितीतील बाबासाहेबांच्या कामाचाच दाखला दिला होता. हे काम बंगालने दिलेल्या संधीतून झाले होते.

एक रूढ समज

येथे एका प्रचलित समजाचा विचार करणे अगत्याचे आहे. बाबासाहेब जेसोर-खुलना मतदारसंघातून निवडून आले म्हणून तो भाग मुद्दाम पाकिस्तानला देण्यात आला, असे व्याख्यानांतून वारंवार सांगितले जाते. वर सांगितल्याप्रमाणे या निवडणुकीत प्रादेशिक मतदारसंघच नव्हता. मतदार होते ते विधानसभेचे सदस्य. प्रांताचीच फाळणी ठरल्यामुळे बंगालच्या जागा नव्याने भरल्या गेल्या आणि त्यात बाबासाहेबांची जागा गेली. खुलना जिल्ह्यात हिंदूंचे थोडे बहुमत होते, व तात्पुरत्या विभागणीत तो पश्चिम बंगालमध्ये होता. तो पाकिस्तानात गेल्याचे रॅडक्लिफ निवाड्यातून जाहीर झाले ते १७ ऑगस्ट १९४७ रोजी. तोपर्यंत बाबासाहेब मुंबईतून निवडून आले होते. आपल्या इतिहासाला अशा कथांच्या आधाराची गरज नाही. सवर्ण नेतृत्वाने बाबासाहेबांना निवडून येण्यासाठी प्रारंभी मार्ग ठेवला नव्हता, हे सत्य पुरेसे बोलके आहे.

कराचीतील तीन वर्षे

ऑक्टोबर १९४६ मध्ये लीगने आपल्या पाच प्रतिनिधींत जोगेंद्रनाथांना हंगामी सरकारात पाठविले. बाबासाहेब त्या वेळी लंडनमध्ये होते. त्यांनी नापसंती दर्शविल्यास राजीनामा देण्याची मुभा असावी या अटीवर आपण हे पद स्वीकारले आणि पुढे त्यांची संमती तारेने मिळाली, असे जोगेंद्रनाथांनी नमूद केले आहे. बंगालच्या फाळणीला त्यांचा विरोध होता. फाळणी झाल्यास पूर्व बंगालमधील लक्षावधी नमःशूद्र अल्पसंख्याक होऊन एकाकी पडतील, ही त्यांची भीती होती. फाळणी अटळ ठरल्यावर ते आपल्या लोकांबरोबर पाकिस्तानात राहिले. १० ऑगस्ट १९४७ रोजी पाकिस्तानच्या घटना समितीची पहिली बैठक कराचीत भरली, तेव्हा हंगामी अध्यक्षपदी जोगेंद्रनाथ मंडल यांची निवड झाली. त्यानंतर ते त्या देशाचे पहिले कायदा व मजूरमंत्री झाले. त्याच वेळी भारताचे कायदामंत्रिपद बाबासाहेबांकडे होते.

पण गुरू आणि अनुयायी यांचे मार्ग येथे वेगळे झाले. नोव्हेंबर १९४७ मध्येच बाबासाहेबांनी निवेदन काढून पाकिस्तानातील अनुसूचित जातींना मिळेल त्या मार्गाने भारतात येण्याचे आवाहन केले आणि लीगवर विश्वास ठेवू नये असे बजावले. हा इशारा खरा ठरला. सप्टेंबर १९४८ मध्ये जिना निवर्तले. पूर्व बंगालमध्ये पोलिसी अत्याचार वाढले आणि फेब्रुवारी १९५० मध्ये ढाका, बारिसाल आदी ठिकाणी भीषण दंगली झाल्या. जोगेंद्रनाथांनी स्वतः दंगलग्रस्त भागांत फिरून चौकशी केली.

८ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांनी पंतप्रधान लियाकत अली खान यांना राजीनाम्याचे प्रदीर्घ पत्र पाठविले. सिल्हेटमधील हबीबगड, खुलन्यातील कालशिरा, राजशाहीतील नाचोल, बारिसालमधील मुलादी अशी गावांची नावे देऊन त्यांनी अत्याचारांची नोंद केली. दंगलींतील मृतांची संख्या दहा हजारांच्या आसपास असावी, असा त्यांचा अंदाज होता. आपण ज्या सहकार्यावर विश्वास ठेवला ते विफल झाले, हे त्यांनी या पत्रात उघडपणे मांडले. सत्तेवर असताना आपल्याच सरकारविरुद्ध अशी साक्ष देणारे मंत्री इतिहासात फार थोडे आढळतात.

उत्तरायुष्य आणि मूल्यमापन

भारतात परतल्यावर त्यांचे स्वागत झाले नाही. ‘जोगेन अली मोल्ला’ या हेटाळणीने त्यांचा पाठलाग केला. उर्वरित आयुष्य त्यांनी निर्वासितांत घालविले. १९५८ मध्ये सुरू झालेल्या दंडकारण्य योजनेखाली दलित निर्वासितांना बंगालबाहेर पाठविण्यास त्यांनी विरोध केला, कारण विखुरलेल्या समाजाची राजकीय शक्ती नष्ट होते, हे त्यांना कळत होते. आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी व मुलचेरा भागांतील बंगाली गावे या विस्थापनाच्याच इतिहासाचा भाग आहेत. पुढील निवडणुकांत त्यांना यश आले नाही. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी बनगाव येथे त्यांचे निधन झाले.

लीगविषयीचा त्यांचा अंदाज चुकला आणि त्याची किंमत त्यांच्या समाजाने मोजली, हे नाकारता येणार नाही. तथापि त्यांची चूक सत्तालोभातून झाली, असे म्हणण्यास आधार नाही. विधानसभेतील बळ इतके अल्प असताना आणि काँग्रेसने दार बंद केलेले असताना, पददलितांच्या हितासाठी त्यांनी एक मार्ग निवडला. तो मार्ग चुकीचा ठरल्यावर पद सोडून त्यांनी सत्य जगापुढे ठेवले. त्यांना देशद्रोही ठरविणे हा अन्याय आहे, आणि त्यांच्या चुकांवर पांघरूण घालून केवळ जयजयकार करणे हाही इतिहासाशी प्रामाणिकपणा नव्हे.

भारतीय संविधानाविषयी बोलताना आपण बाबासाहेबांच्या परिश्रमांचे स्मरण करतो, ते योग्यच आहे. त्या परिश्रमांना जागा मिळावी म्हणून बंगालच्या विधानसभेत एकेक मत जुळविणाऱ्या माणसाचे नावही त्या स्मरणात असले पाहिजे. कृतज्ञता ही आपल्या धम्माची शिकवण आहे. जोगेंद्रनाथांचे संपूर्ण चरित्र, त्यांच्या यशापयशासह, आपल्या अभ्यासवर्गांतून आणि ग्रंथालयांतून नव्या पिढीपर्यंत पोहोचविणे, हे आपले कर्तव्य होय.