अफलातून म्हणजे नक्की काय?



गेल्या महिन्यात आमच्याकडे लेकीची आजी भारतातून आली होती. इथल्या भारतीय दुकानात अळू मिळाला, म्हणून तिने हौसेने फदफदं केलं. लेकीने पहिला घास घेतला आणि जाहीर केलं, "आजी, हे विचित्र आहे!"

आजीचा चेहरा पडला. "घसा खवखवतोय का गं?"

तसं काहीच नव्हतं. लेकीने दोनदा मागून खाल्लं. "असं कधी खाल्लं नव्हतं" एवढंच तिला म्हणायचं होतं. पण मराठीत 'विचित्र' म्हटलं की कौतुक संपलंच! तिला हवा होता तो शब्द 'अफलातून'.

गंमत म्हणजे हे मुळात एका माणसाचं नाव आहे. इथे मुलं शाळेत ज्याला प्लेटो म्हणतात, तोच हा ग्रीक तत्त्वज्ञ. ग्रीकमध्ये त्याचं नाव 'प्लातोन'. अरबीत 'प' नाही, म्हणून त्याचा 'फ' झाला. शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नाही, म्हणून आधी 'अ' लागला. असा तयार झालेला 'अफलातून' फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. मराठीत तत्त्वज्ञ मागे पडला, त्याच्या असामान्यपणाचा दबदबा तेवढा शब्दात उरला.

कल्पना, बेत, चव, नाटक, क्रिकेटमधला झेल, हे सगळं अफलातून असू शकतं. मात्र नुसतं चांगलं असून भागत नाही. रोजचा वरणभात कितीही छान झाला तरी तो अफलातून नव्हे. त्यात काहीतरी अनपेक्षित हवं.

माणसाबद्दल बोलताना सूर सांभाळा. "अफलातून माणूस आहे!" यात कौतुक असतं, तसंच "याचा काही नेम नाही" हेही असू शकतं. हिंदी बोलणाऱ्या मित्रांसमोर तर अधिकच जपून. तिथे कोणी स्वतःला अफलातून समजतो म्हणजे नसतं शहाणपण मिरवतो!

आजी परत जायच्या आदल्या दिवशी पुन्हा फदफदं झालं. लेकीने घास घेतला, क्षणभर शब्द आठवला आणि म्हणाली, "आजी, अफलातून!"

आजीने काही न बोलता तिच्या पानात आणखी एक डाव वाढला.