कॅल्क्युलसचं घोडं कंसात अडतं

अकरावीत ‘डेरिव्हेटिव्ह’ आलं की पुष्कळ मुलं हात टेकतात. खोट बहुधा तिथे नसतेच.

कड्यावरून सोडलेला दगड किती मीटर पडला? ढोबळमानाने, सेकंदांच्या वर्गाची पाचपट (हवेचा विरोध तूर्त सोडून देऊ). मग बरोबर तिसऱ्या सेकंदाला त्याचा वेग किती? एका क्षणात काळ सरकतच नाही, तर अंतराला भागायचं कशाने? म्हणून ‘ह’ एवढा इवलासा काळ पुढे जायचं: ५(३+ह)² मधून ५×३² वजा करायचे आणि ह-ने भागायचं. सातवी-आठवीत घोकलेलं वर्गविस्ताराचं सूत्र इथे कामाला येतं. ४५ ला ४५ कटतात, उरतं ३०+५ह. ह ०.१ घेतला तर ३०.५, ०.०१ घेतला तर ३०.०५, शून्याकडे सरकवत नेला की वेग सेकंदाला ३० मीटर.

यात नवं पाऊल एकच, शेवटचं. बाकी सगळी बीजगणिताची हमाली. कंस सोडवताना ज्याचा मधला ६ह गळतो, त्याला ‘लिमिट’ कितीही छान समजावलं तरी उत्तर येणार नाही. अशा मुलाला मी आठवडाभर नुसते कंसच सोडवायला देईन.