सीपॅप आणि शेजारचा माणूस

घोरणं थांबलं, पण आता पलंगावर नळी आली, ही सीपॅप वापरणाऱ्यांच्या घरची नेहमीची तक्रार. १९८१ साली ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी ही पद्धत मांडली. मास्कमधून सतत दाबाची हवा दिली की झोपेत घसा मिटत नाही.

आजची यंत्रं बरीच शांत असतात. फुसफुस ऐकू येत असेल तर बहुधा मास्कच्या कडेतून हवा सुटत असते. पट्टे करकचून आवळणं हा त्यावर उपाय नव्हे. त्याने सिलिकॉनची कड चुरगळते आणि गळती वाढते. पट्टे आडवं पडून, यंत्र चालू ठेवून जुळवावेत. बसल्या बसल्या नीट वाटलेला मास्क कूस वळताच सुटतो. चेहऱ्याच्या तेलानेही तो घसरतो, म्हणून रोज धुवावा.

जोडीदाराच्या तोंडावर येणारा गार झोत म्हणजे मात्र गळतीच असेल असं नाही. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जावा म्हणून मास्कला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. ती कधीही बुजवू नयेत. काही मास्क हीच हवा बारीक छिद्रांतून विखरून सोडतात. दोघं एका पलंगावर झोपत असतील तर तसाच मास्क मागून घ्यावा.

नळी डोक्यावरून मागे न्यावी, म्हणजे दोघांच्या मध्ये येत नाही. हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर असेल तर यंत्र गादीपेक्षा खाली ठेवावं, म्हणजे पाणी मास्ककडे येत नाही. एसीच्या गारव्यात नळीत पाणी साचून गुडगुड होते. त्यावर नळीला कापडी खोळ पुरते. आणि गप्पा? त्या मास्क चढवण्याआधी.