अमेरिकेचे युद्ध, मँचेस्टरची उपासमार आणि आमचा कापूस

2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने बऱ्याचशा भारतीय मालावरील जकात 50 टक्क्यांवर नेली. महिनाभर आधी, 27 जुलै रोजी, युरोपीय संघाने आपल्या बहुतेक मालावर 15 टक्के जकात पत्करून अमेरिकेशी तडजोड केली होती. इकडे आमच्या सरकारने कापड-गिरण्यांना आधार म्हणून परदेशी कापसावरील 11 टक्के आयातकर त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत उठविला. सिल्लोड-कन्नडकडचा कापूस तेव्हा अजून बोंडांत होता. दूरच्या दर्यापार दोघांचे जमले वा बिघडले, तर आमच्या कापसाचा भाव का हलावा, असे शेतकऱ्याने विचारले तर त्यात नवल नाही. हा प्रश्न 160 वर्षांचा जुना आहे, आणि तो आधी कसा उद्भवला हे आज सांगावयाचे आहे.

गेल्या शतकाच्या मागल्या शतकात इंग्लंडचा लँकेशायर परगणा म्हणजे जगाचा कापडबाजार होता. तेथल्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी शंभरांत पंच्याहत्तर भागांहून अधिक अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून येई. तो पिकवीत गुलाम. म्हणजे अमेरिकेतला गुलाम, लिव्हरपूलचा दलाल आणि मँचेस्टरचा गिरणीकामगार हे एकाच सुताने बांधलेले होते, आणि त्या सुताचे कापड आमच्या बाजारात येऊन आमच्या साळी-कोष्ट्यांच्या मागांवर गदा आणीत होते.

1861 च्या एप्रिलात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांना वेढा घातला. दक्षिणेचे पुढारीही कापूस रोखून धरण्याच्याच मताचे होते. कापसावाचून इंग्लंड-फ्रान्स कासावीस होतील आणि आपल्या बाजूने युद्धात उतरतील, असा त्यांचा हिशेब. हिशेब फसला. आदल्या सालचा कापूस गोदामांत भरपूर पडून होता, म्हणून टंचाईची झळ 1862 मध्ये लागली. 1861 च्या अखेरीस दक्षिणेच्या दोन वकिलांना उत्तरेच्या आरमाराने इंग्रजी जहाजावरून उतरवून घेतले, तेव्हा इंग्लंड-अमेरिका युद्ध होते की काय अशी वेळ आली; पण लिंकनच्या सरकारने वकील सोडून दिले आणि ते टळले.

इंग्रज सरकार तटस्थ राहिले, मात्र पोट कोणाचे जळाले? 1862 च्या हिवाळ्यात लँकेशायरात सुमारे 5 लाख माणसे धर्मादाय मदतीवर जगत होती. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचा ओढा बहुतांशी दक्षिणेकडे होता, आणि उपाशी कामगारांतही सगळे एका मताचे होते असे नव्हे. तरी त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी मँचेस्टरला कामगारांची सभा भरली आणि तिने गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंब्याचे पत्र धाडले. वेढा मोडा, कापूस आणा, अशी मागणी करणे त्यांना सोपे होते. लिंकनने 1863 च्या जानेवारीत त्यांना उत्तर लिहिले. ते मँचेस्टरातल्या त्याच्या पुतळ्याखाली कोरलेले आहे. त्याच सुमारास अमेरिकेतून धान्य भरलेले एक जहाज त्यांच्यासाठी लिव्हरपूलला लागले. कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या आम्हांस ह्या सभेविषयी सांगताना थोडे अधिक शब्द खर्चावेसे वाटतात, त्याबद्दल क्षमा असावी.

ज्या गिरण्या चालू राहिल्या त्यांत 'सुरती' कापूस येऊ लागला. पश्चिम हिंदुस्थानच्या कापसाला तिकडे सरसकट हेच नाव होते. ह्या कापसाचे तंतू आखूड, त्यात काडीकचरा फार. धागा घडोघडी तुटे आणि कामगाराचा वेळ तो सांधण्यात जाई. मजुरी मालाच्या मापावर. माल कमी उतरला की मजुरी कमी. उक्त्या दराने काम केलेल्या माणसास याहून अधिक समजावून सांगणे नको.

हा कापूस गुजरात, खानदेश, वऱ्हाड, नागपूर भागांतून जाई. वऱ्हाड मूळचे निजामाचे. पण निजामाकडील फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी 1853 मध्ये इंग्रजांनी ते आपल्या ताब्यात घेतले होते. काळ्या जमिनीचा हा मुलूख कापसाचा म्हणून त्यांना ठाऊक होताच. मुंबईत भाव तिपटी-चौपटीने चढला. हातमागवाल्यांचे सूत महागले आणि त्यांचे हाल झाले. मुंबईच्या शेटजींकडे मात्र सोने वाहत आले. समुद्र भरून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या आणि त्यांचे शेअर दर्शनी किमतीच्या कितीतरी पटीने विकले गेले. राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला ते प्रेमचंद रायचंद ह्या सट्ट्याचे म्होरके. 1865 च्या एप्रिलात दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. भाव कोसळला. 1 जुलैला सौदे पुरे करण्याचा दिवस उजाडला तेव्हा पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. बँक ऑफ बॉम्बेही त्यातून सावरली नाही.

थळघाटातून रेल्वे सुरू झाली ती ह्याच 1865 च्या आरंभी, आणि खामगावला तिचा फाटा पोहोचला 1870 मध्ये. तेजीचा कापूस बैलगाड्यांनी गेला आणि गाडी आली तेव्हा भाव उतरलेला.

अमेरिका आणि इंग्लंड यांचा हिशेब पुढे नीट मिटला. इंग्रज गोदीत बांधलेल्या 'अलाबामा' वगैरे जहाजांनी उत्तरेच्या व्यापारी जहाजांची नासधूस केली होती. 1872 मध्ये जिनीव्हाच्या लवादाने इंग्लंडला 1 कोटी 55 लाख डॉलर भरपाई द्यावयास लावली. इंग्लंडने ती दिली.

पुणे-नगरच्या कुणब्याचा हिशेब कोणी मिटविला नाही. तेजीत जमिनीला किंमत आली म्हणून सावकाराने हात सैल सोडला होता. भाव गेला, कर्ज राहिले. वर 1867 पासून फेरपाहणीत काही तालुक्यांचा सारा भरमसाट वाढला. सावकार कोर्टाचे हुकूमनामे मिळवून जमिनी घेऊ लागला. 12 मे 1875 रोजी, आठवड्याच्या बाजारी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. आग पुढे नगर जिल्ह्यात, पारनेर-श्रीगोंद्याकडे पसरली. जिवावर उठण्याचे प्रकार थोडे. लोकांना हवी होती ती खते, म्हणजे कर्जरोखे. बहुतेक ठिकाणी ती हाती आली की जाळून लोक घरी जात. दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला तो त्यानंतर चार वर्षांनी, 1879 मध्ये.